खालच्या काकूंचं कालनिर्णय

आधीच सांगून टाकते, या गोष्टीत गळणारं बाथरूम आमचं होतं. आम्ही बिचारे खाली भिजतोय आणि वरचे दुष्ट दाद देत नाहीत असलं काही वाचायला आला असाल तर सॉरी, इथे वरचे दुष्ट आम्हीच.

आमची सोसायटी सिंहगड रोडला, १९९६ ची बिल्डिंग, चार मजले आणि लिफ्ट नाही (हे लिफ्टचं लक्षात ठेवा, पुढे त्याचे पैसे मोजलेत). आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोब्बर खाली काकू आणि काका. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, आयुष्यभर धरणाच्या गळतीची मापं घेतली आणि म्हातारपणी नशिबात काय आलं तर आमच्या बाथरूमची गळती.

काकू पहिल्यांदा आल्या २०२१ च्या दिवाळीत, फराळाचं ताट घेऊन. जाता जाता दारात चप्पल घालताना म्हणाल्या, अगं आमच्या बाथरूमच्या छताला जरा ओल दिसतेय, तुमच्याकडे काही गळतंय का बघशील का. मी लगेच नवऱ्याला पाठवलं, तो बाथरूममध्ये गेला, नळ बघितले, गिझर बघितला, फ्लश करून बघितला आणि बाहेर येऊन म्हणाला, कुठे काय, सगळं ठणठणीत आहे. मीही तसंच काकूंना सांगितलं, पावसाची ओल असेल हो, आत्ताच तर संपलाय पाऊस, वाळेल. काकू बरं म्हणाल्या. आणि मी खरंच विसरून गेले.

आता विचार केला तर हसू येतं. आपल्या बाथरूमची गळती आपल्याच बाथरूममध्ये उभं राहून शोधायची म्हणजे काय? वरून दिसणार काय, टाइल्स! पाणी तर पायाखाली जातंय. ते दिसणार फक्त खालच्याला. पण हे डोक्यात शिरायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली.

त्या दोन वर्षांत काकू अधूनमधून येत होत्या, कधी मोबाईलवर फोटो घेऊन, कधी नुसत्याच, आणि आवाज प्रत्येक वेळी थोडासा वेगळा. पहिल्यांदा "अगं", मग "हे बघ", मग एकदा नुसतं "आज पुन्हा." मधे आम्ही काहीच केलं नाही असं नाही, केलं ना, चुकीचं केलं. कोणीतरी एक माणूस सुचवला, तोडफोड न करता केमिकल टाकून लिकेज बंद, दहा वर्षं गॅरंटी, आठ हजार रुपये. तो आला, टाइल्सचे सांधे तारेच्या ब्रशने घासले, कसलंसं दुधासारखं पाणी ओतलं, चोवीस तास बाथरूम वापरू नका म्हणाला आणि गेला. चार महिने काकू आल्या नाहीत, आम्ही खुश. पाचव्या महिन्यात बेल वाजली. त्या दहा वर्षंवाल्याचा फोन तेव्हापासून आउट ऑफ कव्हरेज आहे.

खरा प्रकार कळला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. काकूंनी मला खाली बोलावलं, म्हणजे गोड शब्दांत हुकूमच केला, की तू एकदा येऊन बघच. मी तोवर एकदाही खाली जाऊन ते छत डोळ्यांनी बघितलं नव्हतं. लाज वाटते लिहिताना पण नव्हतं बघितलं. गेले. वर बघितलं तर छतावर नकाशा. कोपऱ्यातून सुरू झालेला तपकिरी डाग, कडेला पांढरं मीठ फुटल्यासारखं (सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळून खाली येतो आणि वाळला की अशी पांढरी खपली धरतो), मध्ये पोपडे लोंबतायत आणि एका ठिकाणी प्लास्टर पडून आतली सळई दिसतेय, गंजून लाल झालेली. आणि डागाच्या कडेने पेन्सिलीच्या रेघा. एकात एक, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या, आणि प्रत्येक रेघेवर बारीक अक्षरात तारीख. काकांनी दर महिन्याच्या एक तारखेला स्टुलावर चढून डागाची कड आखली होती. आतल्या बाजूला जानेवारी, फेब्रुवारी जवळजवळ चिकटून, मे अर्धा इंच, जुलै चांगला दोन बोटं पुढे. मी काहीच बोलले नाही. काय बोलणार. त्यात पंचाहत्तरीचा माणूस स्टुलावर, बाथरूममध्ये.

सळईचं काकांनीच समजावलं. पाणी नुसतं गळून गेलं तर एक वेळ रंग खराब होतो, पण स्लॅबमध्ये मुरून राहिलं की गज गंजतो, आणि गंज लोखंडापेक्षा किमान दुप्पट जागा घेतो, मग आतून काँक्रीट फाटतं आणि खपला खाली येतो. म्हणजे हा डागाचा प्रश्न नाहीच, स्लॅबचा आहे. आणि तो स्लॅब म्हणजे त्यांचं छत तसं आमची जमीनसुद्धा, हे त्यांनी फार शांतपणे सांगितलं.

मग काकूंनी स्वयंपाकघरातून कालनिर्णय काढून आणलं. आमच्या आईकडे मागच्या बाजूला दुधाचा हिशोब असायचा तसं यांच्याकडे रोजच्या चौकोनात दूध आणि त्याच्या खाली छोटासा "ग". ग म्हणजे गळलं. दोन ग म्हणजे जास्त गळलं, बादली लावली. सबंध वर्षाचे ग. आणि मी ते चाळता चाळता सप्टेंबरवर थांबले, कारण गणपतीच्या आठवड्यात चौकोन कोरे होते.

त्या वर्षी १९ सप्टेंबरला गणपती होते, आम्ही १७ ला कोकणात गावी गेलो ते २५ ला परत आलो. कालनिर्णयात १७, १८, १९ ला ग होता, २० ला काकूंनी छोटासा ग काढलेला (थोडंसंच गळलं म्हणून अक्षरही थोडंसंच, काय हिशोब आहे बघा), २१ पासून २५ पर्यंत कोरे, २६ ला ग, २७ ला दोन ग. काका चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. बोलले नाहीत, पण धरणाच्या माणसाला ते आधीच कळलं असणार.

आता यातून काय निघतं ते नीट बघा, कारण मला वाटतं गळती शोधताना ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे आणि फुकट आहे. आम्ही नव्हतो तेव्हासुद्धा टेरेसच्या टाकीतून येणाऱ्या पाइपात पाणी भरलेलंच होतं, प्रेशर होतंच. म्हणजे भिंतीतला नळाचा पाइप फुटला असता तर आम्ही गावी असलो काय नि घरी असलो काय, गळत राहिलं असतं. आमच्या आठवड्यात गळती थांबली म्हणजे दोष पाणी येण्याच्या पाइपात नाही, पाणी जाण्याच्या रस्त्यात आहे, एक तर जमिनीत नाहीतर ट्रॅपमध्ये (जाळीखालचं ते भांडं, ज्यातून पाणी पाइपात जातं). आणि पावसाचीही नाही, कारण गणपतीत पाऊस पडतच होता. बाहेरच्या भिंतीतून किंवा टेरेसच्या पावसाच्या पाण्याच्या पाइपातून येणारी ओल पावसाबरोबर वाढते, तिला आमच्या आंघोळीशी घेणंदेणं नसतं. दुसऱ्या दिवशीच का नाही थांबली, तीन दिवस का लागले, तर त्याचं कारण खाली साठलेलं पाणी.

ते जरा सांगते कारण मलाही माहीत नव्हतं. आपल्याकडे फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूटभर खाली टाकतात, संकन स्लॅब, मिस्त्री लोक नुसतं संक म्हणतात. म्हणजे बाथरूमखाली एक हौदच असतो म्हणा ना. त्या हौदात पाइप टाकायचे, वर विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून कोबा करायचा आणि त्याच्यावर टाइल्स. हौदाच्या तळाचं वॉटरप्रूफिंग चांगलं असेल तर वरून झिरपलेलं पाणी तिथेच अडतं, विटा स्पंजसारख्या ते पीत राहतात आणि वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही. तळाचं वॉटरप्रूफिंग म्हातारं झालं की मग एक दिवस खालच्यांच्या छतावर नकाशा. म्हणूनच आज वर दुरुस्ती केली तरी खाली पंधरा दिवस, महिनाभर ओल राहू शकते, आणि म्हणूनच थेंब जिथे पडतो त्याच्या बरोब्बर वर दोष असेलच असं नाही, पाणी स्लॅबवरून फिरत फिरत जिथे भेग मिळेल तिथून उतरतं. काकूंकडे तर ते एकदा दिव्याच्या वायरच्या पाइपातून होल्डरमध्ये उतरलं होतं आणि बटण लावताना काकूंना झिणझिण्या आल्या. तुमच्याकडे असं झालं तर प्लंबर नंतर, आधी त्या भागाचा एमसीबी (बोर्डातला वीज तोडणारा खटका) खाली पाडा. आणि घरात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक नसतोच.

मग प्लंबर. आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. तुम्ही कधी विचारून बघा, पुण्या-मुंबईत, दिल्लीत कुठेही चांगला प्लंबर भेटला तर तो केंद्रापाड्याचा निघायची शक्यता फार, तिकडे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. तो आला, बाथरूममध्ये उकिडवा बसला, जाळी काढली, आत हात घातला आणि म्हणाला, मॅडम, नहाणी ट्रॅप पुराना है, बीड का है (म्हणजे ओतीव लोखंडाचा). नहाणी ट्रॅप! मला एकदम आजीचं न्हाणीघर आठवलं, घराच्या मागे, चुलीवर हंडा, आणि पाणी बाहेर पन्हळीतून अळवात आणि केळीत. तिथे न्हाणी गळली तर अळू वाढायचं. कोणाच्या डोक्यावर कोणाची न्हाणी नव्हती.

पण तोडायच्या आधी टेस्ट करायची यावर काका ठाम होते. टेस्ट साधी आहे. ट्रॅपच्या तोंडात, खोल, कापडात वाळू बांधून बोळा घट्ट बसवायचा, दारात ओल्या मातीचा नाहीतर सिमेंटचा छोटा बांध घालायचा आणि जमिनीवर दोन इंच पाणी भरून ठेवायचं. कडेच्या टाइलवर पेन्सिलने पातळी आखायची. आम्ही पाण्यात नीळ टाकली, कपड्याची नीळ, निम्मी बाटली. आणि सगळ्यांच्या आंघोळी दुसऱ्या बाथरूममध्ये. चोवीस तासांनी पातळी जेमतेम केसभर खाली, आणि खाली काकूंकडे थेंब आधीच्यासारखेच, वाढले नाहीत. म्हणजे टाइल्सचे सांधे अगदीच चाळण झालेले नाहीत. मग बोळा काढला. भसकन सगळं पाणी ट्रॅपमधून गेलं. अर्ध्या तासात काकूंचा फोन, अगं धार लागलीये. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टबात फिक्कट निळं पाणी. खाली एकच शब्द, "निळं." मी आयुष्यात इतका पुराव्यानिशी चोर कधी ठरले नव्हते.

ट्रॅप आणि पुढचा पाइप यांचा सांधा गेला होता. दोष एवढाच, सहा इंचांचा. पण तो संकच्या तळाशी, म्हणजे त्याच्यापर्यंत पोचायला सगळं बाथरूम उकरायचं.

इथे घरात चर्चासत्र झालं. नवऱ्याचं म्हणणं ट्रॅपपुरतं तोडू, दोन बाय दोन फूट. प्लंबरही तयार होता. मिस्त्री मात्र म्हणाला ताई, जुन्या कोब्याला नवीन कोबा जोडला की जोडावरून पाणी जाणारच, आणि ट्रॅप बदलला तरी खालचं वॉटरप्रूफिंग मेलेलं आहे ते आहेच, उद्या दुसरा सांधा गेला की पुन्हा काकू वर. कोणीतरी असंही सुचवलं की खालून काकूंच्या छताला भोकं पाडून पीयू ग्राउटिंग (भेगांत प्रेशरने रसायन भरणं) करून घ्या, वर हातच लावायला नको. ते एखादी भेग बंद करायला ठीक असेल, पण मला विचाराल तर वरून पाणी येतच राहणार असेल तर खालून बूच मारून काय होणार, ते दुसरीकडून निघणार आणि तोवर स्लॅबमध्ये बसून गज खाणार. बी विंगमध्ये एकांनी याहून भारी केलं, छताला पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग लावून डाग झाकून टाकला. दीड वर्षाने त्या सीलिंगला पोट आलं. उघडलं तर वर प्लास्टरचा खपला पडून बसलेला.

तर पूर्ण तोडायचं ठरलं. फेब्रुवारी २०२४, मुद्दाम उन्हाच्या तोंडावर, म्हणजे स्लॅब वाळतो आणि पावसाळ्याआधी उरकतं. ठेकेदार म्हणाला अकरा दिवस, लागले एकोणीस.

तोडताना मी दारात उभी होते. टाइल्स निघाल्या, वरचा कोबा निघाला आणि खाली विटा अक्षरशः काळ्या, हातात घेऊन दाबली तर पाणी. वास तर विचारू नका, अठ्ठावीस वर्षांचा साबण, शाम्पू, केस आणि ओली माती. माझ्या मनात सारखं तेच, हे आपल्या पायाखाली होतं आणि आपण वर उभं राहून ठणठणीत म्हणत होतो. राडारोडा भरला सत्तेचाळीस गोण्या. लिफ्ट नाही. गोणीमागे हमाली, आणि जिन्यात प्रत्येक पायरीवर लाल पाणी, ते रोज संध्याकाळी मीच पुसायचे कारण तिसऱ्या मजल्यावरच्या आजी फक्त बघायच्या पण बघायच्या अशा की पुसलेलं बरं.

संक रिकामं झाल्यावर मिस्त्रीने स्लॅब घासून धुऊन चार दिवस नुसता वाळू दिला. माझा जीव वरखाली, चार दिवस काहीच काम नाही आणि पैसे चालू. पण तो हलेना. आत पाणी मुरलेल्या स्लॅबवर कोटिंग नीट धरत नाही म्हणाला. मग भेगा भरल्या, भिंत आणि जमीन जिथे भेटते त्या काटकोनात सिमेंटचा गोलसर वाटा काढला, कारण कोटिंग फाटतं ते नेहमी त्या कोपऱ्यातच, वाट्यावर आणि पाइप जिथून आरपार जातो तिथे भोवती फायबरची जाळी चिकटवली. आणि मग पावडर आणि लिक्विड मिसळून करतात ते कोटिंग, पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. भिंतीवर सगळीकडे दीड फूट वर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याएवढं. मी त्याला विचारलं एवढं वर कशाला, तर म्हणाला ताई, पाणी जमिनीवरच पडतं असं कोणी सांगितलं.

मग पुन्हा पाणी भरलं, आता टाइल्सवर नाही, उघड्या संकमध्ये, दोन दिवस. हे कोणी टाळायला बघेल, टाळू देऊ नका. आमचा ठेकेदारही म्हणत होता की मॅडम गरज नाही, आमचं काम पक्कं असतं. टाइल्स लावल्यावर टेस्ट करून कळलं की गळतंय तर काय उपयोग, पुन्हा सत्तेचाळीस गोण्या! काका दोन दिवस दर तीन तासांनी स्टूल न घेता (काकूंनी लपवून ठेवलं होतं) खालूनच टॉर्च मारून बघत होते.

मग पाइप. जुने जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप काढले, आतून एवढे गंजलेले की पेन्सिलही जाणार नाही. सगळे सीपीव्हीसी टाकले, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारे प्लॅस्टिकचे. भिंत बुजवायच्या आधी हातपंपाने प्रेशर देऊन काटा रात्रभर तसाच राहतो का बघितलं. पहिल्या रात्री काटा उतरला. गिझरच्या एका एल्बोला (काटकोनी जोडाला) चिकटवायचं सोल्युशन नीट लागलं नव्हतं. विचार करा, हे टाइल्सच्या मागे गेलं असतं तर. तेव्हापासून मला त्या पंपाबद्दल भलताच आदर आहे.

भराव म्हणून विटांऐवजी हलक्या ब्लॉकचे तुकडे टाकले, संकच्या तळातून बाहेरच्या डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेत) एक बारीक पाइप काढून ठेवला म्हणजे उद्या कधी पाणी साठलंच तर काकूंकडे न जाता बाहेर टपकेल आणि आम्हाला कळेल. बिल्डरने हा अर्धा इंची पाइप तेव्हाच टाकला असता तर ही पोस्टच लिहावी लागली नसती. त्यावर कोबा, त्यावर पुन्हा एकदा कोटिंग, मग टाइल्स. उतार फुटाला एक सूत, म्हणजे आठ फुटांत एक इंच, असा मिस्त्रीचा हिशोब. लेकाने त्याच्या गोट्या आणल्या आणि चारही कोपऱ्यांतून सोडून बघितल्या. तीन ट्रॅपकडे गेल्या, चौथी कमोडच्या मागे जाऊन बसली. मिस्त्रीला फार राग आला, पण त्याने तो कोपरा उचलून परत बसवला.

सांध्यांत या वेळी व्हाइट सिमेंट नाही, इपॉक्सी. महाग आहे आणि लावणाऱ्याला घाई लागते, वेळेत पुसलं नाही तर टाइल्सवर कायमचा धुरकट थर. पण याचं खरं कारण माझाच गुन्हा आहे. आमच्याकडे दर दिवाळीला बाथरूमला ऍसिड मारायची पद्धत, टाइल्स कशा लखलखतात, आणि ते ऍसिड दर वर्षी सांध्यातलं सिमेंट थोडं थोडं खात होतं. फसफस आवाज यायचा ना तो नुसता मळ जाण्याचा नाही, सिमेंट जाण्याचाही. आता साबण आणि ब्रश. कामवाल्या मावशींना पटलेलं नाही, त्यांच्या मते बाथरूम आता कधीच स्वच्छ दिसत नाही.

पैसे, कारण सगळे तेच विचारतात. फिटिंग्ज धरून सव्वा लाखाच्या थोडं वर. त्याशिवाय काकूंच्या छताचं, सळया घासून त्यावर गंज थांबवणारा हात मारून पुन्हा प्लास्टर, ते आम्हीच दिलं. सोसायटीने द्यायला हवं होतं असं दोघा-तिघांनी सुचवलं, पण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये (सोसायटी चालवायच्या नियमांत) ते स्पष्ट आहे, टेरेसमधून पावसाचं गळलं किंवा सामाईक पाइप गळला तर सोसायटी, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकचं गळलं तर ते संबंधित फ्लॅटवाल्यांनी बघायचं. नवीन बिल्डिंगमध्ये राहत असाल तर तुमचं नशीब बरं, रेरा कायद्याखाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामातला दोष निघाला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. फक्त लेखी कळवा, फोटो तारखेसकट ठेवा. माझ्या रावेतच्या मैत्रिणीने चौथ्या वर्षी असंच करून घेतलं. फोनवर नुसतं भांडत बसली असती तर पाचवं वर्ष गेलं असतं.

छताला रंग द्यायला मात्र काका तयार होईनात. प्लास्टर झालं, वाळलं, तरी म्हणाले एक पावसाळा जाऊ दे. २०२४ चा पावसाळा कसा होता सिंहगड रोडवाल्यांना सांगायला नको, जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि इथे सोसायट्यांमध्ये शिरलं. आमच्याकडे नाही आलं, पण त्या रात्री मला नदीपेक्षा जास्त काळजी काकूंच्या बाथरूमची. सकाळी सातला खाली गेले. काका दारातच म्हणाले, कोरडं आहे, जा झोप.

दसऱ्याला त्यांनी रंग दिला.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ट्रॅपची जाळी काढून केस साफ करते, गिझरच्या पाइपांच्या नटांना कोरड्या टिश्यूने पुसून बघते ओला होतो का, कमोडच्या मागच्या कोपऱ्यात हात फिरवते, डक्टमधल्या त्या बारीक पाइपाकडे खिडकीतून वाकून बघते, आणि मग खाली काकूंना फोन. परवाही केला. काकू, कालनिर्णय काय म्हणतंय?

"कोरं आहे गं सगळं, दूध सोडून. पण तू सकाळी सहाला वॉशिंग मशीन लावतेस ना, ती पिळायला लागली की आमचं कपाट हलतं. ह्यांनी दोन तारखेपासून 'म' लिहायला सुरुवात केलीये."